साखरपुड्याची अंगठी : हिऱ्याचे मोल आणि हिऱ्याची किंमत

इंदूरचा सराफा बाजार दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाद्यपदार्थांचा म्हणून सर्वदूर परिचित आहे. राजवाड्यानजीकच्या या गल्ल्यांतून लग्नसराईच्या दिवसांत मराठी बोलही बरेच कानी पडतात. होळकरांच्या राजवटीत या शहरी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची सोयरीक अद्यापही खानदेशाशी, नाशिक-पुण्याशी जुळते आणि साखरपुड्याची खरेदी पुष्कळदा दोन्हीकडची मंडळी मिळून करतात. पूर्वी या विधीस, नावाप्रमाणेच, साखरेचा पुडा, नारळ आणि साडीचोळी एवढ्याने शोभा येत असे. पुढे अंगठी आली आणि अलीकडे ती हिऱ्याची असावी असा आग्रह मध्यमवर्गीय घरांतूनही धरला जाऊ लागला आहे.

सोने आपल्या लोकांना कळते. त्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया दागिना तळहातावर घेऊन त्याच्या वजनाचा अंदाज सांगू शकतात. हिऱ्याच्या बाबतीत अशी पिढीजात समज सामान्य घरांत नाही. वज्रटीक हा दागिना घरोघर ठाऊक असला तरी तिच्या नावात वज्र असते, अंगी बहुधा नसते. त्यामुळे दुकानातील दिव्याखाली सारखेच लखलखणारे दोन खडे समोर ठेवले गेले आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट सांगितली गेली, तर हा फरक कशाचा आणि तो द्यावा की नाही, हे ठरविण्यास गिऱ्हाइकाजवळ काहीच साधन उरत नाही. अशा वेळी बहुतेक जण महाग ते चांगले असे धरून चालतात. काही जण याउलट मोठे ते चांगले असे मानतात. या दोन्ही समजुती खर्चात पाडणाऱ्या आहेत.

किती खर्च करावा याविषयीही एक विलक्षण दंडक कानावर येतो. अंगठी एक किंवा दोन महिन्यांच्या पगाराएवढी असावी, असे नव्या पिढीतील काही तरुण गंभीरपणे सांगतात. हा दंडक ना शास्त्रातला, ना रूढीतला. दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या बळावर वाढलेल्या डी बीअर्स या कंपनीने विसाव्या शतकात पाश्चात्य देशांत ज्या जाहिराती चालविल्या, त्यांतून तो जन्मास आला. विक्रेत्याने ठरविलेले हे माप खरीददाराने आपल्या घरी लावण्याचे कारण नाही.

तोलाचे गणित

हिऱ्याचा तोल कॅरेटमध्ये सांगतात. सोन्याच्या बाबतीत कॅरेट हा शब्द शुद्धता दर्शवितो. हिऱ्याच्या बाबतीत तो वजन दर्शवितो, हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, अर्थात ग्रॅमचा पाचवा हिस्सा. हे दशमान माप १९०७ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केले. कॅरेटचे शंभर भाग करून त्यांस सेंट किंवा पॉइंट म्हणतात; तीस सेंटचा हिरा म्हणजे ०.३० कॅरेटचा.

हिऱ्याची किंमत तोलाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून पुष्कळ वेगाने वाढते. मोठा खडा निसर्गात विरळा, हे त्याचे कारण. ही गोष्ट आजकालची नव्हे. इंदूरपासून सुमारे पंचावन्न किलोमीटरवरील उज्जयिनीशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तंडुल असे वजनाचे कोष्टक देऊन वीस तंडुल भाराच्या हिऱ्याची किंमत सांगितली आहे, आणि तोल उतरत गेला की किंमत कशा पायऱ्यांनी कोसळते तेही दिले आहे. हिऱ्यातील दोषांची नावेही त्यात आहेत : कावळ्याच्या पायासारखी खूण ती काकपद, माशीसारखा ठिपका ती मक्षिका, केसासारखी रेघ तो केश. आजची प्रयोगशाळा भिंगातून हेच पाहते, नावे मात्र इंग्रजी देते.

सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने याहून सोपा नियम नोंदविला. तोलाचा वर्ग करावा आणि एक कॅरेटच्या किमतीने गुणावे. एक कॅरेटचा हिरा शंभर रुपयांचा धरला, तर दोन कॅरेटचा चारशेचा आणि अर्ध्या कॅरेटचा पंचवीसचा. आजचा व्यापार या नियमाने जसाच्या तसा चालत नाही. १९७८ पासून निघणाऱ्या रॅपापोर्ट या भावपत्रकात तोलाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यास दर कॅरेटमागे वेगळा भाव दिलेला असतो. पण तत्त्व तेच आहे, आणि गिऱ्हाइकाच्या फायद्याची गोष्ट या टप्प्यांतच दडलेली आहे.

गोल पैलूदार हिऱ्याचा व्यास एक कॅरेटला साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो, ०.९० कॅरेटला ६.२ आणि अर्ध्या कॅरेटला सुमारे ५.१. म्हणजे तोल निम्म्यावर आला, तावेर्नियेच्या हिशेबाने दाम चौथाईवर आले, तरी रुंदी जवळजवळ चार-पंचमांश शिल्लक राहते. बोटावर दिसते ती रुंदी. तोल कोणासही दिसत नाही. एक कॅरेट, अर्धा कॅरेट असे पूर्णांकी आकडे गाठण्यासाठी लोक जी जादा रक्कम देतात, ती केवळ आकड्याची असते. ०.९० आणि १.०० यांतील तीन दशांश मिलिमीटरचा फरक साखरपुड्यास जमलेल्या मंडळींपैकी कोणाच्याही नजरेत येणार नाही. भावपत्रकात मात्र या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे. सराफाकडे पूर्णांकाच्या किंचित अलीकडचा खडा मागणे हा कंजूषपणा नसून व्यवहारज्ञान आहे.

पैलूंची करामत

आता मुख्य गोष्ट. हिऱ्याचे तेज निसर्गाचे नसून कारागिराचे असते. खाणीतून निघालेला खडा तुरटीच्या खड्यासारखा मंद दिसतो. हिऱ्यात शिरलेला प्रकाश तीव्रपणे वाकतो, आणि खालच्या बाजूचे पैलू योग्य कोनात असल्यास बाहेर न निसटता आतल्या आत परावर्तित होऊन पुन्हा वरच्या बाजूने डोळ्यांकडे येतो. मार्सेल टोल्कोव्स्की या बेल्जियन घराण्यातील अभियंत्याने १९१९ साली गणिताने हे कोन मांडले. खालचा भाग सुमारे पावणेएकेचाळीस अंशांचा आणि वरचा साडेचौतीस अंशांचा असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. खालचा भाग फार उथळ झाला तर हिरा मधोमध निस्तेज दिसतो. फार खोल झाला तर मध्यभागी काळवंडतो.

मग सर्वच हिरे योग्य कोनात का घडवीत नाहीत? कारण तोलाचा मोह. पैलू पाडताना कच्च्या खड्याचे निम्म्याहून अधिक वजन बहुधा भुकटीत जाते. भाव तोलावर ठरतो, म्हणून कारागिरास आणि मालकास पोट थोडे खोल ठेवून, कड थोडी जाड ठेवून काही सेंट वाचविण्याचा मोह होतो. असा हिरा काट्यावर एक कॅरेट भरतो, परंतु वरून पाहता नव्वद सेंटच्या हिऱ्याएवढाच दिसतो आणि चमकतोही कमी. गिऱ्हाईक पूर्ण कॅरेटचे पैसे देऊन हिऱ्याचे पोट विकत घेते.

या बाबतीत इंदूरच्याच राजघराण्यातील रत्नांचे उदाहरण बोधप्रद आहे. महाराजा तुकोजीराव होळकर तिसरे यांनी १९१३ साली पॅरिस येथील शोमे या जवाहिऱ्याकडून नासपतीच्या आकाराचे दोन जुने हिरे घेतले. प्रत्येकी सुमारे सत्तेचाळीस कॅरेटचे हे जोडहिरे जगात ‘इंदूर पेअर्स’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांचे पुत्र यशवंतराव होळकर दुसरे यांच्या काळात, १९४६ साली, ते अमेरिकेतील हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेले. विन्स्टन यांनी असे हिरे आहेत तसे ठेवले नाहीत. वजनात थोडी तूट सोसून त्यांचे पैलू नव्याने पाडले. ज्या मालात प्रत्येक सेंटला मोल आहे, त्या मालातील मुरब्बी व्यापारी तेजासाठी तोल सोडतो. पंचवीस-तीस सेंटची अंगठी घेणाऱ्याने याच्या उलट वागावे, याला काही अर्थ नाही.

म्हणून पैशांची वाटणी करताना पहिला मान घडणीला द्यावा. जी. आय. ए. या अमेरिकन संस्थेने २००६ पासून गोल हिऱ्याच्या घडणीस एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर अशा श्रेणी देण्यास प्रारंभ केला. इतर प्रयोगशाळांच्या प्रमाणपत्रांवरही घडणीची श्रेणी आढळते. गोल हिऱ्यात पहिल्या दोन श्रेणींखाली उतरू नये. कागदाखेरीज डोळ्यांनीही पाहावे. दुकानातील प्रखर, टिपून लावलेल्या दिव्याखाली काचही झगमगते. अंगठी खिडकीपाशी न्यावी, हाताच्या सावलीत धरावी, दोन-तीन खडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. चांगल्या घडणीचा हिरा मंद उजेडातही जिवंत वाटतो. जुनी माणसे ‘पाणीदार’ म्हणत ते यालाच.

रंग आणि निर्मळपणा यांवर मात्र हात राखून खर्च करण्यास हरकत नाही. रंगाची प्रतवारी डी या अक्षरापासून झेडपर्यंत असते. डी म्हणजे पूर्ण रंगहीन, पुढे पिवळी झाक वाढत जाते. शेजारी शेजारी पालथे ठेवल्याखेरीज लगतच्या दोन अक्षरांतील फरक तज्ज्ञासही सहजी कळत नाही. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात तर आय किंवा जे प्रतीचा हिरा धातूच्या रंगात मिसळून जातो. तेथे डी-ई प्रतीसाठी पैसे मोजणे व्यर्थ होय. कोंदण प्लॅटिनमचे किंवा पांढऱ्या सोन्याचे असल्यास जी-एचपर्यंत राहावे. निर्मळपणा दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून ठरवितात. व्ही. व्ही. एस. प्रतीतील दोष ज्यासाठी भिंग लावून शोधावा लागतो, त्याच्या अभावाची किंमत अंगठी घालणारीस कधीही दिसत नाही. व्ही. एस. किंवा नीट पारखून घेतलेला एस. आय. प्रतीचा हिरा नुसत्या डोळ्यांना तितकाच स्वच्छ भासतो. पाहावयाचे ते एवढेच की, डाग मधल्या मोठ्या पैलूखाली नसावा, आणि चीर कडेपर्यंत पोचलेली नसावी. हिरा कठीण खरा, पण कठीण म्हणजे अभंग नव्हे. कडेवरील चिरेवर आघात झाल्यास तो फुटू शकतो.

लहान लहान सात खड्यांचा फुलासारखा गुच्छ स्वस्त का पडतो, याचे उत्तरही तोलाच्या गणितात आहे. अशा अंगठीवर लिहिलेला आकडा एकूण तोलाचा असतो. तो एकाच हिऱ्याच्या तोलाशी ताडून पाहू नये.

खाणीतला आणि प्रयोगशाळेतला

अलीकडे या व्यवहारात एक नवा प्रश्न उत्पन्न झाला आहे. प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे हे नकली खडे नव्हेत. अमेरिकन डायमंड म्हणून विकला जाणारा खडा आणि मॉइसनाइट हे वेगळे पदार्थ आहेत. प्रयोगशाळेतील हिरा मात्र खाणीतल्या हिऱ्याप्रमाणेच शुद्ध कार्बनचा असतो. एका पद्धतीत प्रचंड दाब आणि उष्णता देऊन तो घडवितात, तर दुसऱ्या पद्धतीत कार्बनयुक्त वायूतून हिऱ्याच्या पातळ बीजावर थरावर थर चढवितात. सुरतेत दुसऱ्या पद्धतीचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या बीजांवरील सीमाशुल्क माफ करण्याची घोषणा झाली, आणि जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीस साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला.

या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरले आहेत, कारण कारखान्यात हवे तेवढे उत्पादन होऊ शकते. ज्या कुटुंबास अंगठी केवळ हौसेची हवी आहे, पुढे मोडावयाची नाही, त्याने ती घेण्यात कमीपणा मानू नये. आक्षेप दोनच प्रकारांना आहे. एक म्हणजे असा हिरा खाणीतला म्हणून खपविणे. दुसरा म्हणजे खाणीतल्या हिऱ्याच्या भावाशी तुलना करून ‘एवढी बचत’ असे दाखवीत चढ्या दराने विकणे. तुलना करावयाची तर दुसऱ्या दुकानातील प्रयोगशाळेच्याच हिऱ्याशी करावी. पेनासारखे यंत्र टेकवून दुकानदार ‘पाहा, खरा हिरा’ असे दाखवितो, ते यंत्र उष्णतेच्या वहनावर चालते. प्रयोगशाळेतील हिरा त्याला खराच वाटणार, आणि जुनी यंत्रे मॉइसनाइटलाही हिरा समजतात. खाणीतला कोणता आणि बनविलेला कोणता, हे सुसज्ज प्रयोगशाळाच सांगू शकते.

कागद आणि पावती

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात सामान्य माणसाला आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद जमिनीचा तुकडा हिरे शोधण्यासाठी पट्ट्याने मिळू शकतो. सापडलेला हिरा शासकीय हिरा कार्यालयात जमा करावा लागतो. तेथे पारखी त्याचा तोल आणि प्रत नोंदवितो, हिरा लिलावात निघतो, आणि स्वामित्वधन व कर वळते करून उरलेली रक्कम शोधणाऱ्यास मिळते. म्हणजे खाणीच्या तोंडाशी मजुराच्या खड्याला एक त्रयस्थ पारखी लाभतो. दुकानात मात्र विकणारा आणि पारखणारा एकच असतो. हिऱ्यासोबत स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावयाचे ते यासाठी. दुकानाने स्वतःच्या नावे छापलेला कागद ही त्रयस्थाची साक्ष नव्हे. सर्व प्रयोगशाळांची प्रतवारीही सारखी कडक नसते, म्हणून दोन हिऱ्यांची तुलना शक्यतो एकाच संस्थेच्या प्रमाणपत्रांवरून करावी. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक भिंगातून पाहून कागदावरील क्रमांकाशी ताडावा, आणि संस्थेच्या संकेतस्थळावरही तो पडताळून घ्यावा. हे काम शक्य तो हिरा कोंदणात बसविण्यापूर्वी करावे.

हॉलमार्क हा सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का आहे. हिऱ्याविषयी तो काहीही सांगत नाही. १८ कॅरेट सोन्यावर ७५०, २२ कॅरेटवर ९१६ आणि १४ कॅरेटवर ५८५ असा आकडा, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो. ब्यूरोच्या भ्रमणध्वनीवरील ‘बी. आय. एस. केअर’ या सुविधेत हा क्रमांक घालून खात्री करता येते. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या दागिन्यास हॉलमार्क सक्तीचा नाही, आणि नाजूक अंगठी या मर्यादेत बसू शकते. तेथे पावतीवरील शुद्धतेचा उल्लेखच तेवढा आधार उरतो.

पावतीत सोन्याचे निव्वळ वजन आणि शुद्धता, हिऱ्याचा तोल, प्रत आणि किंमत, घडणावळ आणि ३ टक्के वस्तू व सेवा कर या बाबी वेगवेगळ्या असाव्यात. हिऱ्यासकट अंगठीचे वजन करून त्या सर्वावर सोन्याचा भाव लावणे ही जुनी युक्ती आहे. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, हे ध्यानी असले की हा हिशेब गिऱ्हाइकालाच करता येतो. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे शब्दांत लिहून घ्यावे. ‘हिरा एक नग’ एवढ्या मजकुरावर पुढे काहीही सिद्ध होत नाही.

परत विकण्याचा प्रश्न बहुतेक घरांत खरेदीच्या वेळी कोणी काढीत नाही. शुभकार्याच्या वेळी अशुभ बोलू नये असे वाटते. परंतु घरातील सोने अडचणीच्या दिवसांचा आधार असते, आणि हिऱ्याची अंगठीही तशीच उपयोगी पडेल अशी समजूत असते. ती बरोबर नाही. अंगठी मोडली की सोन्याचा त्या दिवशीचा भाव मिळतो. घडणावळ आणि कर परत येत नाहीत. हिऱ्याला दिवसाचा जाहीर भाव नाही. घेणारा जो देईल तो भाव, आणि तो खरेदीच्या किमतीहून बहुधा बराच खाली असतो. प्रयोगशाळेच्या हिऱ्यास तर पुष्कळ ठिकाणी घेणाराच मिळत नाही. काही दुकाने ठरावीक घट धरून परत घेण्याचे वचन देतात. ही घट किती टक्के, ती मूळ किमतीवर की चालू भावावर, रोख मिळणार की केवळ बदली दागिना, हे पावतीवर लिहून घेतल्यास त्या वचनास अर्थ आहे. ज्या घरात शिल्लक मोजकी आहे, तेथे सोन्याचे वजन थोडे अधिक आणि हिरा लहान पण चांगल्या घडणीचा, अशी अंगठी शहाणपणाची ठरते.

फसवणूक झाल्याचे आढळल्यास प्रथम दुकानदारास लेखी कळवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारदारास आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. इंदुरात अंगठी घेतलेल्या जळगावच्या कुटुंबास त्यासाठी इंदूरच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे, आणि तिच्यासोबत पावती व प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडल्या पाहिजेत. साखरपुड्याच्या गडबडीत हे दोन कागद अंगठीच्या डबीबरोबर आहेराच्या पिशवीत जातात आणि पुढे सापडत नाहीत. ते त्याच दिवशी वेगळे काढून ठेवावेत.